प्रयोग चालू असताना सत्कार

गेल्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. तृतीय वर्षाची भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. दुपारी प्रयोगशाळेच्या डार्करूममध्ये, म्हणजे प्रकाशाच्या प्रयोगांच्या अंधाऱ्या खोलीत, एका विद्यार्थिनीचा प्रयोग अर्ध्यावर मोडला. कारण सत्कार. मी त्या परीक्षेचा इंटर्नल, म्हणजे कॉलेजच्या बाजूचा परीक्षक होतो.

प्रात्यक्षिकाला दोन परीक्षक असतात. एक घरचा, दुसरा विद्यापीठाने बाहेरून पाठवलेला. तो एक्स्टर्नल. प्रयोग चिठ्ठी काढून मिळतो. त्या विद्यार्थिनीला, वर्षाला, स्पेक्ट्रोमीटर आला. तिची ही दुसरी खेप होती. आदल्या वर्षी एवढा एकच विषय राहिला होता. आता बी.एड.ची प्रवेश परीक्षा चांगल्या गुणांनी निघाली होती, पण पदवी हातात नसेल तर जागा जाणार होती.

प्रयोग असा. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश एका फटीतून काचेच्या प्रिझमवर पाडायचा. प्रकाश वळतो. किती वळला ते दुर्बिणीतून बघून मोजायचं. प्रिझम ठेवलेलं टेबल हळूहळू फिरवलं की दुर्बिणीतली पिवळी रेघ सरकते, एका जागी थांबते आणि उलटी फिरते. ती थांबते ती जागा, म्हणजे मिनिमम डेव्हिएशन, पकडायची. तिथलं रीडिंग घ्यायचं. मग प्रिझम उचलून सरळ प्रकाशाचं रीडिंग घ्यायचं आणि दोन्हींच्या फरकावरून काचेचा अपवर्तनांक काढायचा, तेच उत्तर. दोन्ही रीडिंगच्या मध्ये टेबलाला हात लागता कामा नये. लागला की पहिलं रीडिंग बाद.

वर्षाने पहिलं रीडिंग घेतलं आणि प्राचार्य आत आले.

"सर, अण्णा आलेत. एक्स्टर्नल सरांचा सत्कार उरकून घेऊ."

अण्णा म्हणजे संस्थेचे सचिव.

"सर, परीक्षा चालू आहे. सत्कार नंतर करू."

"पाच मिनिटांचं काम हाय. अण्णांना पुढं सेलूला लग्नाला जायचंय."

"मग ऑफिसात करू."

"ऑफिसात फोटो कसा येईल? फोटोत परीक्षा दिसाय पाहिजे ना."

तोवर एक्स्टर्नल सरांच्या डोक्याला फेटा बांधून झाला होता. फेटा बांधलेला माणूस सत्काराला नाही म्हणू शकत नाही. चार प्राध्यापक, शाल, श्रीफळ, हार आणि फोटोग्राफर असे सगळे डार्करूममध्ये शिरले. दोन माणसांची खोली ती.

फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि काढला.

"साहेब, ही लाइट बंद करा. सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसायलीय."

मी "थांबा" म्हणेपर्यंत कुणीतरी बटण दाबलं. सोडियमचा दिवा ट्यूबलाइट नव्हे. पुन्हा लावला की आधी लालसर जळतो आणि पूर्ण पिवळा व्हायला बराच वेळ घेतो. उजेडासाठी खिडकीचा काळा पडदा बाजूला ओढला गेला. शाल झाली, श्रीफळ झालं. मग फोटोग्राफर म्हणाला, "अण्णा, मशिनीत बघताना एक."

अण्णा वाकले. एका हाताने दुर्बीण धरली आणि दुसऱ्या हाताने प्रिझमचं टेबल.

"काय करायलीस ग पोरी यात?"

"मिनिमम डेव्हिएशन काढायलेय, अण्णा. टेबलाला हात नका लावू."

"काईच दिसंना की. हे फिरवायचं असतं का?"

त्यांनी फिरवलं.

फोटो चांगला आला. सगळे बाहेर गेले. वर्षा टेबलाकडे बघत उभी राहिली. वेळ निम्म्याहून जास्त गेला होता.

"सर, गेलं सगळं."

मी प्राचार्यांना व्हरांड्यात गाठून सांगितलं.

"मग पहिलं रीडिंग धरा की," ते म्हणाले.

"धरता येत नाही. टेबल हललंय."

"थोडंच हललं असंल."

"सर, इथे अंशाच्याही बारीक भागात मोजतात."

"तुमचं फिजिक्सवाल्यांचं लय नाजूक असतं बुवा," असं म्हणून ते अण्णांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

एक्स्टर्नल सरांना परभणीची गाडी पकडायची होती. त्यांनी मार्ग काढला. तो मार्ग आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आधी उत्तर लिहायचं आणि मग त्यात बसतील अशी रीडिंग लिहायची. याला 'रीडिंग बसवणं' म्हणतात.

"तुमच्या प्रिझमचं उत्तर किती येतं? तेवढं लिहू द्या तिला. मी सही करतो."

ते चांगुलपणानेच बोलत होते. उत्तर वर्षालाही पाठ होतं.

"नको सर," ती म्हणाली. "मागच्या साली तेच केलं होतं. उत्तर बरोबर, रीडिंग जुळंना. त्या सरांनी समोर गणित करायला लावलं. तिथंच राहिले मी."

"अग, या वर्षी मीच आहे ना."

"सर, परत काढते. मला येतंय ते."

सर घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांनी फेटा काढून स्टुलावर ठेवला. "आता बसने जावं लागणार," ते मला म्हणाले. "पुढच्या वर्षी माझं नाव आलं तर कळवा, मी आजारी पडतो."

तिला वाढीव वेळ दिल्याची नोंद आम्ही दोघांनी सह्या करून घेतली. दिवा लावला. तो पिवळा होईपर्यंत तिने दुर्बीण आणि फट पुन्हा जुळवून घेतली. रेघ सापडली, सरकली, थांबली. मध्ये शिपाई दोनदा दार उघडून गेला, सत्काराचे पेढे घ्या म्हणून. दुसऱ्यांदा एक्स्टर्नल सर त्याच्यावर ओरडले.

रीडिंगचे तीन संच घ्यायचे असतात. तिचे दोन झाले. उत्तर दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत बरोबर आलं. तिसऱ्या संचाचे गुण एक्स्टर्नल सरांनी कापले. नियमाप्रमाणे ते कापावेच लागतात.

डार्करूमच्या दारावर 'परीक्षा चालू, प्रवेश बंद' अशी पाटी लावावी, असा अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला. तो विचाराधीन आहे.

निकाल जूनमध्ये लागला. वर्षा प्रात्यक्षिकात पास झाली. काठावर. बी.एड.ची पहिली यादी पदवीच्या गुणांमुळे हुकली. दुसऱ्या यादीत परभणीचं कॉलेज मिळालं आणि तिने फी भरून प्रवेश घेतला.