मिरची पावडर भरता भरता

“ताई, हा न्यूमोनिया नाही. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस आहे,” धुळ्याचे छातीचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे श्वासातून गेलेल्या धुळीने फुप्फुसं सुजतात. “मिरची रोज नाकात जाते का?”

जाते. शिंदखेड्याला माझं मिरची पावडर भरायचं मशीन आहे. कामाला तिघी बायका.

दमट हवेत पावडर हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या नरसाळ्यात, अडकते. मी झाकण काढून दांड्याने ढोसायची. धूळ ओढणारा पंखा पाकिटाच्या तोंडाशीच होता. तो पावडरही ओढायचा, वजन कमी भरायचं. म्हणून मी तो बंदच केला. ओढणी बांधली की झालं, असं वाटायचं.

तिघींतली सुमनअक्का म्हणाली होती, “ताई, पंखा लाव. बठ्ठी मिरची आपला छातीमा जाई ऱ्हायनी.”

“सगळी छातीतच जाते ना? मग घरी भाजीत टाकू नकोस, अक्का.”

सगळ्या हसल्या. हसता हसता खोकल्या.

मिरचीत खोकला येणारच, म्हणून मी तीन महिने घालवले. संध्याकाळी कणकण यायची, सकाळी जायची. एक दिवस घरच्या जिन्यात चौथ्या पायरीवर बसले आणि उठता येईना.

धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीचा स्कॅन काढला. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी, तीनदा केली. तिन्ही वेळा दम अर्ध्यात संपला. बाहेर बाकावर शेजारच्या बाईंच्या पायाशी ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. मी तिकडे बघितलं नाही.

“मी बरी होईन?”

“सूज उतरेल. व्रण पडले असतील तर ते राहतील. दीड महिन्याने कळेल.”

दीड महिना स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि मशीनच्या खोलीत पाऊल नाही. सकाळी ऑक्सिमीटर बोटाला लावायची आणि आकडा येईपर्यंत डोळे मिटून घ्यायची. इतकी मी कधीच कशाला घाबरले नव्हते.

दुसऱ्या स्कॅनमध्ये सूज उतरलेली दिसली. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी थोडे व्रण राहिले. ते आता माझेच.

तोवर मिस्त्रीने पंखा पाकिटापासून हातभर मागे घेऊन चालू केला आणि हॉपरला कंप देणारी छोटी मोटर बसवली. दांड्याने ढोसणं सुटलं. पण तिघींनी तीच हवा घेतली होती, आणि पंखा मी बंद केला होता. तिघींना तपासणीला नेलं. अक्का आत गेली तेव्हा मी दारापाशीच उभी राहिले.

तिघींचेही रिपोर्ट चांगले आले. अक्का म्हणाली, “ताई, बैस आते. तूच पांढरी पडनी.”

पावडर भरणाऱ्या बायांनो, खोकल्याला सवय म्हणू नका. आणि तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर आधी त्यांची छाती तपासून घ्या.