विकतचे मोदक

तिचं नाव मी विचारलंच नाही. गणपती नुकतेच गेले होते. मुलुंडच्या एका दवाखान्यात आम्ही रक्त तपासून घ्यायला बसलो होतो. तिला डेंग्यू होऊन गेला होता. बाकाच्या अगदी कडेला टेकलेली, कुणी आलं की उठून जागा द्यायच्या तयारीत. सलाईनची चिकटपट्टी बांगड्या पुढे ओढून झाकत होती.

"यंदा मोदक विकतचे आणले हो," ती एकदम म्हणाली, चोरी कबूल करावी तशी. "ताप उतरलेला, तरी उठवेना. पाहुण्यांनी ओळखलं ना!"

प्रयोगशाळेत माझं कामच रक्तातल्या पेशींवर, म्हणून मी सांगितलं. आपलं रक्षण करणाऱ्या पेशी एरवी काटकसरीने साखर जाळतात. विषाणू आला की तीच साखर भराभर फस्त करतात, कारण त्यांना घाईघाईने आपल्यासारख्या असंख्य पेशी उभ्या करायच्या असतात. तोवर शरीरच आपल्याला आडवं पाडतं, आणि ताप गेला तरी लगेच उठू देत नाही.

"म्हणजे मी लोळत होते तेव्हा आत काम चालू होतं?"

"जोरात!"

तिने पुन्हा बांगड्या ओढल्या. "मग जरा मोठ्याने बोला ना. समोर बसलेत ते आमचे मिस्टर."

मी सगळं पुन्हा, चांगलं खणखणीत सांगितलं. मिस्टरांनी मोबाइलमधून मान वर काढली. शरमेने मान खाली गेली ती तिचीच.

"पुढच्या वर्षी घरीच करीन हां," ती त्यांना म्हणाली.