पिंपाच्या तोटीचं कुलूप

नाशिकला आमच्या गच्चीचं पाणी उतारावरून थेट शेजारच्या काकूंच्या अंगणात शिरायचं. त्यांची कटकट थांबावी म्हणून मी पाइपाखाली पिंपळगावहून आणलेलं निळं पिंप ठेवलं. पावसात ते भरायचं आणि दुसऱ्या दिवशी हमखास रिकामं दिसायचं. माझा संशय काकूंवरच होता. त्यांच्या टवटवीत जास्वंदीकडेही मी चोरीचा माल बघावा तसा बघायचो. शेवटी वैतागून तोटीला कुलूप घातलं. पिंप आठवडाभर काठोकाठ राहिलं, तेव्हा चोर सापडल्याची खात्रीच पटली. मग एका दुपारी पाऊस धो धो कोसळला. काकू घोटाभर पाण्यातून आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "अरे, भरलेल्या पिंपात नवा पाऊस मावणार कुठे? म्हणून तर रोज मी ते रिकामं करत होते."