सांगलीचा जर्मन शाळामास्तर

एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन खेड्यात शाळामास्तर होण्यासाठी जी जी पात्रता लागत असे, ती सगळी अंगी असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो सांगलीचा होता. चर्चमधला ऑर्गन वाजवणं, मनोऱ्यातली घंटा तालात ओढणं, हंसाच्या पिसाची लेखणी कापणं, सफरचंदाच्या झाडावर कलम बांधणं आणि अनोळखी माणसाच्या अंत्ययात्रेत पुढे उभं राहून खड्या आवाजात गाणं, या सगळ्या गोष्टी त्याला येत होत्या. विसाव्या शतकात उपयोगी पडेल असं मात्र फारसं काही येत नव्हतं.

हे गृहस्थ माझ्या आतेबहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणे. दुसरं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली असताना ते शिष्यवृत्ती घेऊन हायडेलबर्गला आले. प्रबंधाचा विषय होता गेल्या शतकातल्या खेड्यातल्या शाळामास्तराचं चारित्र्य आणि पात्रता. सांगलीत एका ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यांची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवलेली होती. अट एकच, डॉक्टरेट घेऊन यायचं. ताई, म्हणजे माझी आतेबहीण, तिकडे प्राथमिक शाळेत शिकवून घर चालवत होती. काही वर्षांनी मी फ्रँकफुर्टच्या एका वृत्तसंस्थेत नोकरीला आलो, तोवर त्यांची मुलगी पाळण्यातून उतरून शाळेत जाऊ लागली होती, शिष्यवृत्ती संपली होती, दाजी एका पुस्तकविक्रेत्याकडे पार्सलं बांधत होते आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. त्यानंतरही बरीच वर्षं ते तेवढंच राहिलं.

पहिल्या रविवारी ते मला घ्यायला स्टेशनवर आले. अंगात लांब काळा कोट, हातात छत्री आणि कोटाच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी पांढरं पीस. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी ताईची खुशाली विचारली नाही, प्रवास कसा झाला विचारलं नाही. म्हणाले, "मेव्हणे, गाता येतं?"

"नाही."

"अक्षर कसं आहे?"

"वर्तमानपत्रातलं असतं तसं."

"म्हणजे नापास," ते म्हणाले आणि माझी बॅग उचलून चालू लागले.

ज्या माणसावर लिहायचं, त्याची पात्रता आधी स्वतःच्या अंगी आणायची, असा त्यांचा सिद्धान्त होता. सांगलीत ते पेटी उत्तम वाजवत. त्यामुळे ऑर्गनला हात लगेच सरावले, पाय काही सरावेनात, कारण ऑर्गनला पायांसाठीही पट्ट्या असतात. टेकडीवरच्या एका खेड्यातल्या पाद्र्याने त्यांना रविवारी दुपारी चर्चमध्ये वाजवायला परवानगी दिली. उरलेला आठवडा ते खोलीतल्या लाकडी जमिनीवर पायांचा सराव करत. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहत. त्या युद्धात नवरा गमावलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. सुरुवातीला त्या छताला खालून झाडूचा दांडा ठोकत. पुढे पुढे ठेका चुकला तरच ठोकू लागल्या. ऑर्गनमागोमाग गाणं आलं. गेल्या शतकात अंत्ययात्रेत शाळामास्तराने गायचं असे, म्हणून दाजी त्या खेड्यातल्या प्रत्येक मयताला हजर राहत. भजनात वाढलेला गळा सरळसोट जर्मन स्तोत्रातही शेवटच्या ओळीवर मुरक्या घेई. पाद्री एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "हेर लेहरर, आमचा देव इतका वळणावळणाने येत नाही." पण खेड्यातल्या म्हाताऱ्यांना ते आवडलं असावं. आपल्या वेळेला भारतीय मास्तर येतील ना, अशी चौकशी एका आजारी शेतकऱ्याने आधीच करून ठेवली होती. हेर म्हणजे श्रीयुत, लेहरर म्हणजे शिक्षक. विद्यापीठाने त्यांना अजून डॉक्टर केलं नव्हतं, पण त्या खेड्याने आणि घरमालकीणबाईंनी शिक्षक केव्हाच करून टाकलं होतं.

चारित्र्याच्या बाबतीत ते याहून कडक होते. जुन्या नियमाप्रमाणे मास्तराने गुत्त्याची पायरी चढायची नाही, पत्त्यांना हात लावायचा नाही, लग्नात नाचायचं नाही. तिथल्या आमच्या मराठी मंडळींतला एक इंजिनियर पदवी घेऊन परत निघाला, तेव्हा त्याने सगळ्यांना एका गास्टहाउसमध्ये जेवायला बोलावलं. बाहेर बर्फ पडत होतं. दाजी आले, त्यांनी दारातून आशीर्वाद दिला आणि ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मालकाने शेवटी त्यांचं बटाट्याचं सूप बाहेर नेऊन दिलं. आत आम्ही सगळे ओशाळून जेवलो. "दाजी, हे जेवणाचं घर आहे हो," मी जाऊन म्हणालो. "बिअर मिळते ना?" "मिळते." "मग गुत्ताच." सूपात बर्फ पडत होतं आणि ते शांतपणे पीत होते.

रविवारी त्यांच्या खोलीवर वरणभात असे. आसपासच्या विद्यापीठांतली चारपाच मराठी मुलं येत. जेवणाआधी सगळ्यांना रांगेत उभं करून ते गेल्या शतकात मास्तरकीच्या उमेदवारांची होई तशी परीक्षा घेत, आधी एक स्तोत्र, मग तोंडी हिशेब, मग शुद्धलेखन. नापास होईल त्याने कांदा चिरायचा. सगळेच नापास होत, पण कांदा चिरण्याचीही पात्रता कुणात नाही म्हणून तो शेवटी दाजीच चिरत. प्रबंध ते पिसाने लिहीत. विद्यापीठाला टंकलिखित प्रत हवी असे, हे त्यांना ठाऊक होतं. "बोरू कापता आल्याशिवाय मुळाक्षरं शिकवायला बसू नये, असं माझे पंतोजी म्हणत," ते सांगत, "तोच न्याय इथे." ताईला हे सगळं पत्रातून कळत होतं. तिने मला एकदाच उत्तर पाठवलं. "त्यांना म्हणावं, शाळामास्तर बघायला एवढ्या लांब जायची गरज नव्हती. घरात एक आहे. तिचीही वाट बघून पात्रता संपत आली."

हे मी त्यांना नेकार नदीच्या काठावर एका बाकावर बसून वाचून दाखवलं. त्यांनी पत्र मागून घेतलं, घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मेव्हणे, शेवटचं प्रकरण मला लिहिता येत नाही असं नाही. ते डोक्यात तयार आहे. लिहिलं की संपलं."

"मग अडलंय कुठे?"

"सरांचं पुस्तक चुकीचं आहे."

सर म्हणजे त्यांचे प्राध्यापक. याच विषयावर त्यांचं तरुणपणी लिहिलेलं पुस्तक होतं आणि त्याला मोठा मान होता. गेल्या शतकातला मास्तर अडाणी होता, दारुडा होता, दुसरं काही जमत नाही म्हणून शाळेत आला होता, असं त्यात सिद्ध केलेलं होतं. दाजींनी तेच जुने कागद पुन्हा वाचले. मास्तरांबद्दलचे सगळे वाईट शेरे पाद्र्यांनी लिहिलेले होते, आणि पाद्री हा त्या काळी मास्तराचा वरिष्ठ.

"सुनेचं चरित्र सासूच्या पत्रांवरून लिहायचं का?" दाजींचा आवाज चढला. "हातांनी ऑर्गन, पायांनी ऑर्गन, तोंडाने स्तोत्र, आणि समोरच्या आरशात पोरांवर नजर. अहो, मी इतकी वर्षं करून बघतोय, मला अजून चारही एका वेळी जमत नाहीत. हा माणूस अडाणी? त्याच्याएवढा पात्र माणूस मला या विद्यापीठात दिसला नाही."

"मग हेच लिहा."

"आणि त्यांच्या हातात कसं ठेवू? इथे गुरूला डॉक्टरफाटर म्हणतात. वडलांच्या तोंडावर सांगू, तुमचं आयुष्य चुकलं म्हणून?"

"इथे चालतं, दाजी. उलट तेच अपेक्षित असतं."

"इथे चालत असेल. मी सांगलीहून आलोय."

बातमीदाराला एक सवय असते. माणूस जे सांगतो त्यापेक्षा तो जे टाळतो तिकडे बघायचं. ऑर्गन, घंटा, पिसं आणि कलमं यांचा एवढा पसारा कशासाठी मांडला होता, ते मला त्या दिवशी दिसलं. पात्रता वाढत होती तोवर प्रकरण लिहावं लागत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात प्राध्यापक निवृत्त झाले. विभागात कॉफी आणि केकचा समारंभ होता. दाजींनी मला सोबत नेलं. प्राध्यापक उंच, वाकलेले, थट्टेखोर गृहस्थ होते. त्यांचे जर्मन विद्यार्थी केक खाता खातासुद्धा त्यांच्याशी वाद घालत होते. दाजी भिंतीपाशी सरांची छत्री सांभाळत उभे होते. गर्दी पांगल्यावर प्राध्यापक स्वतः आमच्याकडे आले.

"हेर कोलेगे," सहकाऱ्याला म्हणावं तसं ते दाजींना म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं माझ्याशी सहमत आहात. हे पुस्तक मी पंचविशीत लिहिलं. त्या वयात माणसाला सगळे अडाणीच दिसतात. तुमच्या देशात असे मास्तर अजून आहेत असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून हा विषय मी तुम्हाला दिला. आता मी निवृत्त होतोय, तर एक कराल? एकदा तरी माझं खोडून काढा."

दाजींनी हात जोडले आणि मान हलवून ते हसले. प्राध्यापकही हसले. दोघांचं हसणं एकाच गोष्टीचं नव्हतं.

बाहेर येताच मी म्हणालो, "सुटलात! त्यांनी तोंडाने सांगितलं."

दाजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मेव्हणे, पाहुणा निघाला की आपण म्हणतो ना, जेवूनच जा? म्हणून तो परत पाटावर बसतो का? हा त्यांचा मोठेपणा. मोठी माणसं असं म्हणतात. आपण ते खरं धरायचं नसतं."

"ते जर्मन आहेत, दाजी. ते जेवून जा म्हणाले की आत पानं वाढलेली असतात."

"निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना खोटं पाडू? नाही. त्यांना मी गुरुदक्षिणा देणार."

इतकी वर्षं न सरकलेलं प्रकरण त्यांनी त्यानंतर काही आठवड्यांत लिहून काढलं. ऑर्गनचा सराव थांबला. खालून छताला झाडू लागेना, तेव्हा घरमालकीणबाई स्वतः वर येऊन, बरं नाही का, असं विचारून गेल्या. प्रकरण सुबक होतं. मास्तर अडाणी होता, दारुडा होता, दुसरं काही जमत नाही म्हणून शाळेत आला होता, हे प्राध्यापकांच्या पुस्तकापेक्षाही नेमकं मांडलेलं होतं. मी ते टंकलिखित करून दिलं. वाक्यं तपासणं एवढंच माझं काम होतं आणि एकही वाक्य चुकलेलं नव्हतं.

तोंडी परीक्षेत काय झालं ते दाजींनीच मला सांगितलं. प्राध्यापकांनी प्रबंध मिटला आणि विचारलं, "हे मत तुमचं?"

"आपल्या पायाशी बसून मिळालेलं," दाजी म्हणाले.

"मग त्यांनी चष्मा काढला," दाजी मला सांगत होते, "खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे एक प्रश्न विचारला नाही. भरून आलं त्यांना."

पदवी मिळाली, सगळ्यांत खालच्या श्रेणीत. सांगलीत श्रेणी कोणी विचारणार नव्हतं. ताईची तार आली, आगबोटीचं तिकीट निघालं. निघण्याआधीच्या रविवारी आम्ही टेकडीवरच्या त्या खेड्यात निरोप घ्यायला गेलो. चर्चच्या आवारात तिथल्या एका जुन्या शाळामास्तराचं थडगं होतं. आयुष्यभर ऑर्गन वाजवून आणि घंटा ओढून तो तिथेच गेला होता. दाजी दर वेळी त्यावरची पानं झाडून मगच आत जात. त्या दिवशी ते फाटकापाशीच थांबले. पाद्री आतून हात हलवत होता.

"चला ना, दाजी."

"तुम्ही जाऊन या."

"अहो, ते वाट बघतायत. एकदा वाजवून जा."

दाजींनी खिशातलं पीस काढलं, दुमडलं आणि परत ठेवलं. "मेव्हणे, मी त्या माणसाला दारुडा लिहिलंय. आत कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी एकटा आत गेलो आणि त्यांना बरं नाही असं पाद्र्याला सांगितलं. परतताना त्यांचे पाय बसच्या जमिनीवर हळूहळू हलत होते, आणि लक्षात आल्यावर त्यांनी ते थांबवले.

सांगलीत ते प्राचार्य झाले. नवे मास्तर घडवणं हे त्यांचं काम, आणि ते चोख करतात असं ताई लिहिते. घरातल्या पेटीवर मात्र अभ्रा घातलेला आहे, तो काढू देत नाहीत. प्राध्यापक दोन हिवाळ्यांनी गेले. त्यांचं पुस्तक अजून वाचलं जातं. त्याच्या बाजूने दिलेल्या पुराव्यांत आता दाजींचा प्रबंधही असतो.

मागच्या शरदात कामासाठी हायडेलबर्गला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंना भेटलो. त्यांच्या परसात त्यांच्या नवऱ्याने लावलेलं सफरचंदाचं झाड आहे. त्याच्या एका फांदीवर दाजींनी कलम बांधलं होतं. झाडभर हिरवी सफरचंदं आणि त्या एका फांदीला लाल. बाईंनी काठीने एक लाल पाडलं, एप्रनला पुसलं आणि चिरायला घेतलं.

"मग, ते डॉक्टर झाले ना?"

"हो, झाले."

"आणि त्या शाळामास्तरांबद्दल काय लिहिलं शेवटी?"

"कोणत्याही कामाचे नव्हते, असं."

बाईंची सुरी थांबली. त्यांनी वर त्या खोलीच्या खिडकीकडे बघितलं, मग फांदीकडे. "मला तर ते रोज जिन्यात उलटंच सांगायचे," त्या म्हणाल्या आणि अर्धं सफरचंद माझ्या हातावर ठेवलं.

ते गोड होतं.