कूलरसमोरचा कॉम्प्युटर

खेळ ऐन रंगात आला की माझा कॉम्प्युटर बंद पडायचा. कुरकुर नाही, सूचना नाही; स्क्रीन काळी, पंखे गप्प. मग मोबाईलवर टीममधल्या चौघांचे मेसेज यायचे, त्यात शिव्याच जास्त.

जूनच्या पहिल्या रविवारी आमची ऑनलाइन गेमिंग स्पर्धेची पात्रता फेरी होती. आबांकडून, म्हणजे वडिलांकडून, मी त्यासाठी एक वर्ष मागून घेतलं होतं. फेरी पार केली तर खेळणं हेच माझं काम, नाहीतर नाशिकला मामाच्या ओळखीनं कंपनीत लागायचं. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या आबांना या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. तरी वर्षभर त्यांनी एकदाही मला टोकलं नाही.

आमचं घर अमळनेरचं आणि माझी खोली पत्र्याची. एप्रिलमध्ये मी त्यांना सांगितलं, "तापतो, म्हणून बंद पडतो." आबांनी कॉम्प्युटरवर तळहात ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"याले तं ताप शे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीतला कूलर माझ्या टेबलाशेजारी आला होता, तोंड थेट कॉम्प्युटरकडे.

"आबा, मग तुम्ही?"

"माले सवय शे. तू खेय."

रोज सकाळी ते बोअरच्या पाण्याच्या दोन बादल्या आणून कूलर भरायचे. पंधरा-वीस दिवस सगळं झकास चाललं. मला वाटलं, सुटलो.

मग पुन्हा तेच, आणि आता तर खेळ सुरू न करताही. मी धूळ झाडली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, रॅम काढून खोडरबरानं घासली, मित्राचा पॉवर सप्लाय आणून लावला. तापमानाचा आकडा शहाण्यासारखा खाली होता. नोंदी उघडून पाहिल्या तर लिहिलेलं: कॉम्प्युटर अनपेक्षितपणे बंद झाला. अरे गाढवा, तेवढं मलाही माहीत आहे. आकड्यावर विश्वास ठेवायचा सोडून मी उष्णतेलाच धरून बसलो. एका दुपारी कूलर कोरडा दिसला तसा आबांवर खेकसलो, "पाणी संपू देत जाऊ नका, एवढं तरी करा." ते बादली घेऊन गेले. ते वाक्य मला अजून टोचतं.

फेरीला तीन दिवस उरले तेव्हा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन एसटीनं धुळ्याला गेलो. दुरुस्तीवाल्यानं झाकण काढलं, भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "समुद्राजवळ राहता का?"

"अमळनेरला."

त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. बोर्डावरच्या चिपांच्या बारीक पायांवर पांढरी खपली धरली होती, काही ठिकाणी हिरवट. आमच्या नळाच्या तोटीवर धरते तशीच.

"कूलरसमोर ठेवता ना? पाणी बोअरचं?" तो म्हणाला. "आपल्याकडे दर उन्हाळ्यात असे एक-दोन येतातच. ती हवा गार असते, पण ओली आणि खारी. बोर्ड गेला. ग्राफिक्स कार्डही गेलं."

"रविवारपर्यंत काही?"

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि चारही स्क्रू जपून परत बसवून दिले. येताना बसमध्ये मी टीमला कळवलं. त्यांना आधीच दुसरा गडी मिळाला होता.

घरी आलो तर कूलर रिकाम्या टेबलावर वारा मारत होता आणि आबा टेबल पुसत होते. मी कॉम्प्युटर जागेवर ठेवला. त्यांनी पुन्हा त्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"आते तं तापत नही ना?"

खरं सांगायचं तर सांगायचं काय, आणि कोणत्या तोंडानं?

"नाही आबा," मी म्हणालो, "आता तापत नाही."

आबांचा चेहरा खुलला. त्यांनी कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे आणखी जरा वळवलं आणि बादली उचलून पाणी आणायला गेले.