शुगर गेल्याची बर्फी

तुम्ही आग्रह करता म्हणून सांगतो, नाहीतर हा प्रताप मी बायकोलाही अर्धाच सांगितला आहे.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला टाइप वन डायबिटीस निघाला. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा व्यापार करणारा गडी मी, कशाला म्हणून घाबरायचो नाही. पण दिवसातून चारदा आपल्याच पोटात सुई टोचायची म्हटल्यावर पुरता घाबरलो. डॉक्टर मॅडमनी पहिल्या दिवशी तासभर समजावलं. मी किती ऐकलं? काहीच नाही. माझं सगळं लक्ष त्या सुईकडे!

आणि तीन महिन्यांत चमत्कार झाला. शुगर उतरतेय, उतरतेय. मॅडम फोनवर इन्सुलिन कमी करत गेल्या. दिवसाला चोवीस युनिटवरून मी चारवर आलो. आता शून्य कितीसं लांब? रोग गेला, असं मीच ठरवून टाकलं. मॅडमच्या तोंडून 'सुई बंद' एवढं ऐकायचं राहिलं होतं. त्या दोन शब्दांसाठी जीव नुसता आसुसला होता.

आता सांगा, आपल्या नागपुरात चांगली बातमी कोणी रिकाम्या हातानं सांगतं का? दोन किलो संत्रा बर्फी घेतली आणि सकाळीच सदर भागातल्या मॅडमच्या दवाखान्यात हजर झालो. मॅडम यायच्या होत्या. बाहेर पंधरा-वीस पेशंट, सगळे उपाशीपोटी तपासायला आलेले.

शेजारी मौद्याहून पहिल्या बसनं आलेले एक काका होते. डब्यात काय आहे, त्यांनी विचारलं. शुगर गेल्याची मिठाई, मी सांगितलं. काका जवळ सरकले.

"कोणतं औषध घेतलं गा?"

"काहीच नाही जी. आपोआप गेली."

"मंग एक दे मले. तुया हातानं गुण आला तं आला."

मी डबा पुढे केला, काकांनी एक उचलली. मग काय विचारता! डबा या बाकावरून त्या बाकावर फिरला. लोकांनी बर्फी प्रसादासारखी कपाळाला लावून खाल्ली. एका आजींनी सुनेच्या नावानं दुसरी मागितली आणि तीही स्वतःच संपवली. रक्त तपासणाऱ्या सिस्टरलाही मी आग्रहानं एक उचलायला लावली. तिला तर शुगर नव्हतीच.

मॅडम आल्या, बोटं टोचणं सुरू झालं. काकांची शुगर तीनशे वीस. आजींचा आकडा तर एवढा वर, की मशीननं तो दाखवायलाच नकार दिला. सिस्टरनं पट्ट्यांची नवी डबी फोडली, सेल बदलले, तरी तेच. शेवटी मशीन तपासायला तिनं आपलंच बोट टोचलं. दोनशे दहा! बिचारी मटकन खाली बसली.

"मॅडम, माह्या लग्नाची बोलणी चालू हाये जी," एवढंच ती म्हणाली.

मग माझा नंबर. एकशे आठ. अख्ख्या दवाखान्यात एकटा मी पास!

छाती काढून आत गेलो. उरलेली बर्फी मॅडमपुढे ठेवली आणि म्हटलं, शुगर गेली, आता सुई बंद करा. मॅडमनी डब्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर बोटं चाटत बसलेल्या आजींकडे पाहिलं. सिस्टरला बोलावून, मशीन बोटांना लागलेली साखरही मोजतंय असं सांगून, सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले, आणि उद्या पुन्हा उपाशीपोटी यायला सांगितलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, बाहेरून इन्सुलिन मिळालं की शरीरातल्या उरल्यासुरल्या पेशी थोडा दम खातात आणि काही महिने कामाला लागतात. याला हनीमून म्हणतात. तो संपतो. सुई बंद करायची नाही. हे सगळं त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. माझं तोंड पाहून मॅडमनी जरा मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही किती बर्फ्या खाल्ल्या?"

"मी कशाला खाईन जी, मॅडम?" मी म्हटलं. "मले शुगर आहे नं."