स्कीमधली फट

स्कीइंग शिकायला उत्तराखंडातल्या औलीला दोनदा जाऊन आल्यावर मला बर्फावर नुसतं पडण्याऐवजी वळणंही जमू लागलं, आणि तिथल्या भाड्याच्या स्की नकोशा झाल्या. पण पनवेलमध्ये स्की कुठून आणणार? मुंबईत एकजण सामान विकून परदेशी चालला होता, त्याच्याकडे चार जोड निघाले. औलीच्या सरांनी शिकवलं होतं तसं मी प्रत्येक जोडाचे तळ एकमेकांना लावून पाहिले. मधे फट दिसली पाहिजे; दाबल्यावर ती मिटली पाहिजे आणि सोडल्यावर पुन्हा उघडली पाहिजे. स्कीच्या त्या कमानीसारख्या बाकावरच सगळी उसळी असते. तीन जोड नापास झाले. चौथा मी एसटीत कंडक्टरची बोलणी खात घरी आणला.

बाबा कळंबोलीच्या लोखंडबाजारात कामाला होते. वाकडी सळई दिसली की त्यांना घास गोड लागत नसे. त्यांनी एक डोळा मिटून स्कीकडे पाहिलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी स्की घरात नव्हत्या. आठ दिवस मी विचारत होते आणि बाबा नुसते हसत होते. रविवारी ते स्की घेऊन आले. मे महिन्यात तापलेल्या गोदामात त्यांनी त्या लोखंडी प्लेटांच्या थप्पीखाली दाबून ठेवल्या होत्या.

"त्याने तुला वाकड्या गळ्यात मारल्या होत्या गं," म्हणत त्यांनी तळाला तळ लावला. "आता बघ, मधून कागद जाणार नाही."

खरंच जात नव्हता. मला ओरडायचं होतं, पण त्यांचा खुललेला चेहरा बघून मी स्की उचलून भिंतीशी उभ्या केल्या.

"आता नाही पडायचीस तू," बाबा म्हणाले.